बिनतोंडाची आराधीण

१

हरिबाच्या वागण्याला काही ताळतंत्र उरलं नाही, हे कस्तुराबाईचं ठाम मत होतं आणि ते तिनं पाणक्यापासून पुजाऱ्यापर्यंत सगळ्यांना ऐकवलं होतं. सख्ख्या बहिणीचा मुलगा. बहीण बाळंतपणात गेली तेव्हापासून हिनं वाढवला, मॅट्रिक केला, चार लोकांच्या पाया पडून तुळजापूरच्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून चिकटवला. आणि हा पठ्ठ्या रुसला कशावरून? तर नागपंचमीच्या पंगतीत मावशीनं पाहुण्या प्राध्यापकाला आधी वाढलं आणि याला मागून! ताटावरून उठला आणि 'तुजी पायरी पुन्हा चढनार न्हाय' म्हणून निघून गेला.

"एवढा घोडा झाला," कस्तुराबाई म्हणायची, "आन् रुसतोय नव्या नवरीवानी. ये म्हनावं, न्हायतर बस तिकडं पुस्तकाची धूळ खात."

कस्तुराबाईचं घर म्हणजे देवळाच्या वाटेवरच्या सात-आठ खोल्या. यात्रेकरू उतरायचे, तिच्या हातचं जेवायचे आणि तिच्या तोंडचं ऐकायचे. दोन बुकं शिकलेली बाई, पण तिच्या शब्दापुढं गावात कुणाची मान वर होत नसे. तो पाहुणा प्राध्यापक म्हणजे गुलबर्ग्याच्या कॉलेजातला सिद्धलिंग, पंचमीच्या आधीपासून वरच्या मजल्यावर उतरलेला. शरणबसप्पा चितारी याच गावात वाढला. आता त्याची चित्रं मुंबईत लागतात, परदेशात लागतात. त्यानं गावच्या वाचनालयाला आपलं एक चित्र दिलेलं, शिवाय कपाटभर मासिकं, जुने दिवाळी अंक आणि प्रदर्शनांच्या छापील पुस्तिका. त्या चाळून सिद्धलिंग त्याच्यावर ग्रंथ लिहिणार होता.

कस्तुराबाईनं ते चित्र एकदा पाहिलं होतं. काळ्या-तांबड्या रंगात देवीची गाणी गात जोगवा मागणारी एक आराधीण, गळ्यात कवड्यांची माळ, आणि बाईला तोंडच नाही. "तोंड काढायच्या आदीच ह्यो मुंबईला पळाला वाटतं," असं तिनं भर सभेत म्हटलं होतं.

प्राध्यापक माणूस गरीब होता, पण त्याच्या पाठीत कळ होती. भुईवर निजला की सकाळी भिंत धरून उठायचा. आणि दिवस कुठले, तर देवीच्या निद्रेचे. नवरात्राच्या तोंडावर देवी पलंगावर निजते. ती पुन्हा सिंहासनावर बसेपर्यंत तुळजापूरचा माणूस गादीला अंग लावत नाही. घरोघरी भुईवर कांबळं पडतं, उतारूंनाही तेच; त्यासाठी कस्तुराबाईच्या वरच्या सज्जात कांबळ्यांचा गठ्ठाच असायचा. कस्तुराबाईच्या घरात तर हा नियम दगडावरची रेघ. तरी त्या लेकराचं कण्हणं ऐकवेना, म्हणून तिनं चाँदपाशा पिंजाऱ्याला सांगून मागच्या जिन्यानं एक गादी गुपचूप वर नेली. दिवसा ती सुतळीनं बांधून दाराआड उभी राहायची. "देवी माजी हाय, तिच्याशी माजं मी बगून घेईन," ती चाँदपाशाला म्हणाली. "पर ह्या कानाचं त्या कानाला कळलं तर तुजी पिंजायची कमान मोडून चुलीत घालीन."

त्या दिवशी उजाडताच चाँदपाशा मागच्या जिन्यानं वर गेला. कापसाचे गोळे झाले होते, गादी नेऊन पुन्हा पिंजायची होती. क्षणात त्याची किंकाळी अख्ख्या गल्लीनं ऐकली.

कस्तुराबाई धापा टाकत वर पोचली. सिद्धलिंग भुईवर कांबळ्यावर पडला होता, गळ्यापर्यंत चादर ओढलेली. चेहऱ्याची डावी बाजू झोपलेल्या माणसाची. उजवी बाजू नव्हतीच. कवटी आत दबलेली, कानातून काळं रक्त निघून कांबळ्यात मुरलेलं. शेजारी चाँदपाशा गुडघ्यावर बसला होता आणि त्याचे दोन्ही हात मनगटापर्यंत लाल होते.

"अक्का, म्या उठवाया गेलो... डोस्क्याखाली हात घातला..."

तेवढ्यात तिच्यामागून जिन्यात डोकावलेलं कुणीतरी ओरडलं, "पिंजाऱ्यानं मारला! पिंजाऱ्यानं प्रोफेसर मारला!"

२

फौजदार यायच्या आधी गाव आलं. चाँदपाशाला जिन्यावरून पायांना धरून ओढत नेलं. प्रत्येक पायरीवर त्याचं डोकं आपटलं. खाली कुणी काठी घातली, कुणी पायताण, एकानं दळणाचा डबाच तोंडावर हाणला. कस्तुराबाईनं वरून घागरभर पाणी ओतलं, कचकचीत शिव्या दिल्या, पण त्या गलक्यात तिचा आवाज पहिल्यांदाच वाया गेला. चाँदपाशाची म्हातारी आई मदिनाबी धावत आली आणि पोराच्या अंगावर पालथी पडली, तर तिच्याही पाठीत दोन काठ्या बसल्या. निजामाचं राज्य गेलं त्या साली तिचा नवरा असाच भर रस्त्यात कापला गेला होता. तिला काठ्या नव्या नव्हत्या.

फौजदारानं चाँदपाशाला सोडवलं ते ठाण्यात नेऊन स्वतः मारण्यासाठी.

"अक्का," मदिनाबीनं कस्तुराबाईचे पाय धरले. तिच्या ओठातून रक्त येत होतं. "मेरा चाँद देवीच्या गादीचा कापूस पिंजतो, त्याचा बाप पिंजायचा. तो मानूस मारंल? फौजदारसाब संध्याकाळपर्यंत कबूल करून घेतो म्हंत्यात. न्हाय तर गाववाले गल्ली पेटवनार हैत."

"ऊठ," कस्तुराबाई म्हणाली. "रडायला मागनं वेळ हाय."

ती पुन्हा वर गेली. फौजदार पंचनामा लिहून घेत होता: इसम झोपेत असताना पहाटे चोरीच्या इराद्यानं डोक्यात वरवंटा घातला. वरवंटा कोपऱ्यात पडला होता. तो कस्तुराबाईचाच, मागच्या जिन्याखालच्या पाट्यावरचा.

"झोपेत?" कस्तुराबाईनं भिंतीकडं बोट केलं. मेजाजवळच्या चुन्यावर छातीच्या उंचीला रक्ताचे शिंतोडे होते. दाराआडच्या गादीच्या वळकटीवरही उडाले होते, सुतळीच्या गाठीवर सुद्धा. "निजलेल्या मानसाचं रक्त एवढं वर उडतं व्हय? आन् अंगाला हात लावून बगा, लाकूड झालंय. कालचं मढं हाय हे. रातच्याला जेवायला बी खाली आला न्हाय, म्या समजले लिवत बसलाय. म्या सतरा मढी धुतली हैत."

"बाई, डॉक्टर उस्मानाबादेहून येईल तो सांगेल. तुम्ही स्वयंपाक बघा."

"सयपाक मी बगीनच. तुमाला काय दिसत न्हाय ते बी बगते."

मेजावर मुंबईच्या प्रदर्शनाची पुस्तिका उघडी पडली होती, शेजारी पैशाचं पाकीट तसंच. मधलं एक पान फाडून नेलेलं. चोर पैशाचं पाकीट ठेवून चित्राचं पान नेतो, हा कुठला चोर?

तेवढ्यात दारात खाकरल्याचा आवाज आला. नागपंचमीनंतर पहिल्यांदाच हरिबा मावशीच्या घरात उभा होता. डोळे लाल, आवाज मऊ.

"साहेब, मला सांगायचंय. काल दिवेलागणीला मी इथं आलो होतो. आज त्यांचं वाचनालयात भाषण ठेवलं होतं, त्याची वेळ सांगायला. मावशी बाजारात गेलेली, घरात कुणी नव्हतं. मागच्या जिन्यानं आलो. खिडकीतून बघितलं तर कांबळ्यावर निजले होते, घोरत होते. उठवायचं जीवावर आलं, तसाच परत गेलो." त्यानं डोळे पुसले. "म्हणजे तवर ते जिवंत होते. जे झालं ते नंतरच."

फौजदारानं समाधानानं लिहून घेतलं. कस्तुराबाई पुस्तिका हातात धरून तशीच उभी राहिली. भाच्याकडं बघत राहिली. काहीतरी फार वाईट तिच्या ध्यानात आलं होतं.

३

नागप्पा मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचा. शरणबसप्पाचा बालमित्र. एकाच भिंतीवर दोघांनी कोळशानं हत्ती काढले. एक मुंबईला गेला, एक इथंच राहिला आणि दारूला लागला. रोज संध्याकाळी तो सिद्धलिंगकडं येऊन बसायचा, मोठमोठ्यानं वाद घालायचा.

कस्तुराबाई त्याच्या घरी पोचली तेव्हा तो स्वतःची चित्रं फाडत होता. खोलीभर चिंध्या. तिला पाहताच त्यानं हातातला सुरा भिंतीत खुपसला.

"मला धरायला आलात, अक्का? धरा. मीच मारलाय त्याला. माझ्या हातानं."

"सुरा काढ, खाली बस आन् शेंबूड पूस. मारलं असतंस तर डोस्क्यात वरवंटा न्हाय, सुरा दिसला असता. काय झालं ते सांग."

नागप्पा मटकन बसला. "सिद्धलिंगनं एका जुन्या दिवाळी अंकात शरणबसप्पाची मुलाखत वाचली. त्यात तो म्हणतो, मी पांढरा रंग कधीच वापरत नाही. पांढरं पाहिजे तिथं कापड मोकळं सोडतो. मग दहा अंक, वीस पुस्तिका चाळल्या. खरंच, एका चित्रात पांढरा नाही. आणि परवा मान वर करून बघतो तर समोर वाचनालयातल्या आराधिणीच्या गळ्यात कवड्या पांढऱ्याफेक! नखानं खरवडलं तर रंग निघाला."

"म्हंजे त्ये चित्र शरणबसप्पाचं न्हाय."

"माझं आहे." नागप्पानं तोंड झाकून घेतलं. "दोन वर्षांमागं हरिबा आला. म्हणाला, 'मूळ चित्राला ओल लागतीय, पोरं हात लावत्यात. तुम्ही नक्कल काढा, ती टांगू, मूळ कपाटात जपून ठेवू.' मी काढली. जीव ओतून काढली. अन् काल दुपारी सिद्धलिंगनं मुंबईची पुस्तिका दाखवली. मूळ चित्र तिथं कुणा शेठच्या नावावर लागलंय. तो म्हणाला, 'हरिबाला आत्ताच सांगून आलो, उद्या भाषणात सगळ्या गावासमोर विचारणार.' अक्का, मी पिऊन पडलो काल. त्याच्याकडं गेलो असतो तर तो जगला असता."

कस्तुराबाईनं पदर खोचला. हरिबा. तरी ती उठता उठता म्हणाली, "एकाच्या तोंडाची गोष्ट हाय ही. दुसऱ्याची ऐकू दे."

४

वाचनालयात हरिबा एकटाच होता. भिंतीवर बिनतोंडाची आराधीण. कस्तुराबाईनं स्टुलावर चढून कवडीवर नख मारलं. पांढरा पापुद्रा सुटून तिच्या बांगडीवर पडला.

"नागप्पानं सांगितलं तर," हरिबा शांतपणे म्हणाला. "मावशी, दारुड्याचं ऐकतीस? नक्कल काढायला त्यानंच चित्र घरी नेलं. परत आणलं ते हे. मला काय कळतं चित्रातलं? मूळ त्यानं विकलं. सिद्धलिंगनं पकडलं म्हणून जीव घेतला. मी बोललो नाही, कारण गावात बोभाटा नको."

"मग सकाळी फौजदाराला का न्हाय सांगितलंस?"

"चाँदपाशा रंगेहात सापडलाय. साहेबांना तेच बरं वाटतंय. गावालाही."

"आन् तुला?"

हरिबा हसला. लहानपणी गूळ चोरल्यावर हसायचा तसंच.

आता गोष्ट सरळ होती. दोघांपैकी एकानं चित्र विकलं, त्यानंच प्राध्यापक मारला. दोघांना चित्र मिळू शकत होतं, दोघांना मागचा जिना ठाऊक होता. वाचनालयातली सगळी छापील पानं मिळून एवढंच सांगत होती की चित्र खोटं आहे. खोटा माणूस कोण, ते त्या पानांत नव्हतं. ते कस्तुराबाईला सकाळपासून ठाऊक होतं आणि तेच तिला गिळवत नव्हतं.

कारण ते बोलायचं तर स्वतःच्या घराची अब्रू गावासमोर उलगडावी लागणार होती.

बाहेरून धुराचा वास आला. पिंजाऱ्याच्या दुकानाला कुणीतरी काडी लावली होती.

५

ठाण्यापुढं तीनशे माणूस तरी जमलं असेल. आत चाँदपाशाला खांबाला बांधलं होतं. एक डोळा मिटलेला, पुढचे दात गेलेले. शिपायानं त्याच्या उजव्या हाताची बोटं दाराच्या फटीत धरली होती. पिंजाऱ्याचा उजवा हात.

"सोड ते दार," कस्तुराबाई म्हणाली. शिपायानं फौजदाराकडं पाहिलं. "तिकडं काय बगतोस? म्या सांगते, सोड."

शिपायानं सोडलं.

तिच्यामागून नागप्पा आला आणि खोट्या चित्राची सगळी हकिकत त्यानं फौजदाराला सांगून टाकली. तिनं बोलावलं म्हणून हरिबाही आला, आणि दारात माणसांची भिंत झाली.

"हरिबा, सकाळी सांगितलंस ते पंचांपुढं पुन्हा सांग. दिवेलागणीला काय बगितलंस?"

"सिद्धलिंग निजले होते. घोरत होते."

"कशावर?"

"कांबळ्यावर."

"गादीवर न्हाय?"

हरिबाला हसू आलं. "मावशी, देवी निजलीय. ह्या दिवसांत तुळजापुरात गादीवर कोण निजंल? ते बी तुझ्या घरात?"

गर्दीतून होकाराची कुजबुज झाली. कस्तुराबाईनं डोळे मिटले, उघडले.

"फौजदार, लिवून घ्या. आन् भाईरच्यांना ऐकू जाऊ द्या. तो पाव्हना माज्या घरात गादीवर निजत व्हता. देवी पलंगावर असताना. म्याच दिली गादी, त्याच्या पाठीत कळ व्हती म्हनून. गादी दिल्यापासनं एक डाव बी तो भुईवर निजला न्हाय. निजताच येत नव्हतं."

दारातली माणसं एक पाऊल मागं सरली. मग मागून एक बाई ओरडली, "देवीच्या दारात राहून असं? कस्तुराबाई, तुमी?" कुणीतरी तिच्या पायाशी थुंकलं. तिनं तिकडं पाहिलंही नाही.

"पाव्हना मेजाशी बसलेला असताना मारलाय. रक्त भिंतीवर छातीच्या उंचीला हाय, आन् बांधलेल्या गादीवर बी. म्हंजे गादी तवा गुंडाळलेलीच व्हती. मारनाऱ्यानं मागनं मढं निजवलं, झोपेत मेला असं दिसावं म्हनून. सज्जातल्या गठ्ठ्यातलं कांबळं घेतलं, अंथरलं, चादर घातली. का? कारण मारनारा ह्या गावचा हाय. त्याच्या मनात सुदिक आलं न्हाय की ह्या दिवसांत कुनी गादीवर निजत आसंल. गादी त्याच्या डोळ्यांम्होरं दाराआड उभी व्हती. त्याला वाटलं, दिवस सरंपातूर ठेवलीय गुंडाळून, समद्यांच्या घरात ठेवत्यात तशी."

"असं कुणीबी केलं असेल," फौजदार म्हणाला. "हा पिंजारी पण इथलाच."

"ती गादी त्यानं खांद्यावरनं वर नेली, साहेब. सकाळी पुन्हा पिंजायला न्यायला आला व्हता. पाव्हन्याला झोपेत मेलेला दाखवायचं तर त्यानं तीच गादी सोडली असती."

"मग हा मास्तर?"

"नागप्पा रोज सांजच्याला यायचा, आन् रातच्याला गादी अंथरली तरी तिच्यावर बसून वाद घालायचा. वळकटी आना, बगा. त्याच्या कोळशाच्या बोटांचे ठसे अजून हैत खोळीवर."

शिपाई धावला. वळकटी आणली, सुतळी तोडली. खोळीच्या एका कडेला काळे ठसे होते. नागप्पानं आपली पाची बोटं त्यांच्यावर टेकवली.

"चित्र ज्यांच्या हाती व्हतं त्या दोघांत गादीचं ठाऊक नव्हतं असा एकच मानूस," कस्तुराबाई म्हणाली. "पंचमीपासनं ज्यानं माजी पायरी चढली न्हाय. आन् त्यानंच सांगितलं, दिवेलागणीला म्या खिडकीतनं बगितलं, कांबळ्यावर घोरत व्हता. घोरत न्हवता तो. कांबळ्यावर तो फकस्त मेल्यावर निजला."

हरिबानं शिपायाच्या हातातली काठी कधी ओढली ते कुणालाच कळलं नाही. पहिला घाव नागप्पाच्या गादीवर टेकलेल्या हातावर बसला. हाडं मोडल्याचा आवाज दारापर्यंत आला. दुसरा घाव नागप्पाच्या डोक्यासाठी उचलला होता, तो मध्ये शिरलेल्या कस्तुराबाईच्या खांद्यावर आला. ती पडली नाही. तिसऱ्याच्या आत तिघा शिपायांनी हरिबाला भुईवर दाबला आणि बुटाखाली त्याचा गाल चिरडला.

६

चाँदपाशाचे दोर सोडले. मदिनाबीनं त्याला कुशीत घेतलं तरी तो उजवा हात छातीशी धरून कुणालाच जवळ येऊ देईना. नागप्पाला दवाखान्यात नेलं. बाहेरची गर्दी एकदम घरी जायच्या घाईत होती. सकाळी डबा हाणणारा तर सगळ्यात पुढं.

हरिबाच्या हातात बेड्या पडल्या. तो मावशीच्या पायाशी सरपटत आला.

"मावशी, रागाच्या भरात झालं. मी समजवायला गेलो होतो, ते ऐकेनात. भर गावासमोर माझं नाव घेणार म्हणाले."

"समजवायला जाताना जिन्याखालचा वरवंटा उचललास?"

त्यानं नजर चुकवली. मग त्यानं आवाज खाली आणला. "गादीचं फक्त तू म्हणतीस. पिंजाऱ्याचं अन् दारुड्याचं कोण धरतंय? कोर्टात म्हण, कधीमधी भुईवरबी निजायचे. एवढंच म्हण. तुझ्याशिवाय कोण आहे मला?"

फौजदारानं दौत बंद केली. "बाई, विचार करा. भाचा आहे. गादीचं पुन्हा कोर्टात बोललात तर गावात तुमच्या दारी उतारू यायचा नाही. जबाब उद्या सकाळी घेतला तरी चालेल."

"उद्या कशाला?" कस्तुराबाई म्हणाली. तिचा डावा हात लोंबकळत होता, पदर रक्तानं खांद्याला चिकटला होता. ती खुर्चीवर बसली नाही. वाकून तिनं हरिबाची हनुवटी वर केली, त्याला आपल्याकडं बघायला लावलं.

"हरिबा, पाव्हन्याला मारलंस ते तुज्या भ्यानं मारलंस. त्याचं काय करायचं ते कोर्ट बगंल. पर मारल्यावर तू घरी जाऊन निजलास, सकाळी उठलास, त्वांड धुतलंस, आन् एका मानसाचा जीव जावा म्हनून माज्या दारात येऊन मऊ मऊ बोललास. चाँदपाशाला खांबाला बांधलेला, दात पाडलेला बगितलास तवा बी तुजं काळीज हाललं न्हाय. ह्याचं कोर्टात कलम नसंल, म्हनून म्या सांगते. म्या हरेक तारखेला येनार, गादीवर निजत व्हता म्हनून शपथेवर सांगनार, आन् तुला फास झाला तर त्या दिवशी बी माजी चूल पेटनार."